लॉट पास झाला, पुढे?

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा भांडारात ३० मे २०१६ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह पंधराहून अधिक जणांचा जीव गेला. त्यांत बहुतेक जण आग विझवायला धावलेले भांडाराचेच अग्निशमन कर्मचारी होते. शेडमध्ये रणगाडाविरोधी सुरुंग रचलेले होते. त्यांतून टीएनटी पाझरत असल्याची तक्रार आधीपासूनच होती.

टीएनटी साधारण ८० अंशांना वितळतं आणि वितळवूनच सुरुंगात ओततात. त्यात अशुद्ध घटक राहिले, तर ते त्याहून कमी तापमानाला पातळ होतात आणि तेलकट द्राव होऊन सांध्यांतून बाहेर येतात. त्यातून विदर्भातला मे महिना!

असा माल कारखान्यातून पास होतोच कसा? दारूगोळ्याची खरी परीक्षा उडवूनच होते आणि उडवलेला गोळा परत मिळत नाही. म्हणून लॉटमधले मोजके नग काढून तपासतात. समजा, शंभरात एक नग सदोष आहे आणि तपासायला वीस नग घेतले. ते वीसही चोख निघण्याची शक्यता जवळपास ८२ टक्के. म्हणजे तपासनीस कितीही प्रामाणिक असला, तरी असा लॉट बहुतेक वेळा बिनबोभाट पुढे जाणार. शिवाय पाझर तर कारखान्याच्या फाटकावर दिसतही नाही. तो कोठारात, काही उन्हाळे गेल्यावर दिसतो.

म्हणूनच पहिल्या शिक्क्यावर विसंबणं पुरेसं नाही. लॉट नंबरची जबाबदारी माल वापरला जाईपर्यंत किंवा नष्ट होईपर्यंत उत्पादकाकडेच राहायला हवी. घडतं उलटंच. २०२० मध्ये लष्कराच्या अंतर्गत अहवालाची बातमी फुटली: २०१४ पासून ९६० कोटींचा सदोष दारूगोळा आणि ४०३ अपघात. दारूगोळा बनवणाऱ्या आयुध निर्माणी मंडळाने हा ठपका मान्य केला नाही. दोष साठवणुकीचा, हाताळणीचा की उत्पादनाचा, यावर दोन सरकारी खाती भांडत राहिली. निवाडा करणारा तिसरा कुणी नव्हताच.

१ ऑक्टोबर २०२१ ला मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या. दारूगोळ्याचे कारखाने पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे गेले. पाटी बदलली, हे ठीक. पण अपघाताची चौकशी उत्पादक आणि वापरकर्ता या दोघांच्याही बाहेरच्या यंत्रणेने करावी. तिचे निष्कर्ष, गोपनीय तपशील वगळून का होईना, संसदेसमोर यावेत. पुलगावच्या मृतांच्या घरच्यांना एवढं मागण्याचा हक्क नक्कीच आहे.