शाळेच्या वेळापत्रकात भीतीलाही तास हवा

खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण सापडलेच नाहीत. वाडीतली काही मुले त्या रात्री निवासी आश्रमशाळांत होती, म्हणून वाचली. पुढे चौकजवळ सिडकोने पक्की घरे बांधली, हे चांगलेच झाले. पण आईवडील गमावलेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला पावसाची सर आली की झोप लागत नसेल, तर त्याचे काय, हे घराची किल्ली देऊन सुटत नाही.

अर्थात, भीतीला दरडच लागते असे नाही. दहावीचा गणिताचा पेपर, बापाची दारू, घरात चाललेली लग्नाची बोलणी एवढेही पुरते. मूल कधी ‘मला चिंता वाटते’ असे म्हणत नाही. पोट दुखते म्हणते, शाळा बुडवते. घरचे आधी डॉक्टरकडे नेतात, मग भगताकडे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार १३ ते १७ वयोगटातील ७.३ टक्के मुलांना कोणता ना कोणता मानसिक विकार होता.

न्यायचे कुठे? कर्जतजवळ वेणगावला डॉ. भरत वाटवानींची ‘श्रद्धा’ संस्था आहे. त्यांना २०१८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण ते काम रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांचे. जिल्हा रुग्णालय अलिबागला. एका खेपेत आईची एक दिवसाची मजुरी बुडते. पहिली खेप होईल, दुसरी होत नाही.

म्हणून उपचारच शाळेत आणावा लागतो. गोव्यात १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘संगत’ संस्थेने हे दिल्लीच्या सहा सरकारी शाळांत करून पाहिले. समुपदेशक मानसशास्त्राचे पदवीधर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसे होती. अडचण नेमकी सांगायची, उपाय सुचवायचे, एक करून पाहायचा, मग पुन्हा भेटायचे. अशा चार-पाच छोट्या भेटी. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष प्रांजळ होता: मुलांनी स्वतः सांगितलेल्या अडचणी नुसती पुस्तिका दिलेल्या मुलांपेक्षा जास्त कमी झाल्या, लक्षणांच्या मोजणीत मात्र तसा ठळक फरक दिसला नाही. काहींना हे अपयश वाटेल. मला तसे वाटत नाही. मूल रात्री झोपते का, जेवते का, वर्गात येते का, मैत्रिणीशी बोलते का, यालाच आपण त्याचे जगणे म्हणतो. आणि तीव्र आजाराची मुले पुढे तज्ज्ञांकडे पाठवावीच लागतील.

जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेत किमान एक पात्र समुपदेशक नेमण्यास सांगितले. लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी जोडून घ्यावे, असेही. भीती वाटते ती ‘अतिरिक्त कार्यभार’ या आपल्या जुन्या युक्तीची. गणिताचे गुरुजीच समुपदेशक झाले, तर गणिताची धास्ती घेतलेली मुलगी त्यांच्याजवळ काय बोलणार? आश्रमशाळेत तर तीच मंडळी चोवीस तास समोर असतात. तिथे बाहेरून येणारे, ठाकरी-कातकरी बोली समजणारे माणूस हवे. त्याच वाड्यांतले बारावी झालेले तरुण-तरुणी प्रशिक्षण देऊन पात्र समुपदेशकाच्या हाताखाली नेमता येतील. आदिवासी विकास प्रकल्पाचे पेणचे कार्यालय ही सुरुवात कर्जत-खालापूरच्या आश्रमशाळांपासून करू शकते. सोबत एक स्वतंत्र खोली हवी. मुख्याध्यापकांच्या टेबलासमोरची खुर्ची चालणार नाही.