डोक्याला खुराक : बाबा म्हणजे तू!

काय दोस्तांनो, मागच्या अंकातलं नावाड्याचं कोडं सुटलं का? वाघ, शेळी आणि गवताचा भारा नदीपलीकडे न्यायचा आहे. होडीत नावाड्याबरोबर एका वेळी एकच मावतं. वाघ-शेळीला एकटं सोडलं तर शेळी गेली, शेळी-गवताला एकटं सोडलं तर गवत गेलं! उत्तर आहे सात फेऱ्या. आधी शेळी पलीकडे. मग रिकामं परत. मग वाघ पलीकडे आणि येताना शेळीला परत आणायचं! तिला अलीकडे ठेवून गवत न्यायचं, रिकामं परत यायचं आणि शेवटी शेळीला घेऊन जायचं.

या कोड्यात जो अडकतो, तो शेळी परत आणण्यापाशीच अडकतो. एकदा पलीकडे नेलेलं परत आणायचं नाही, असं आपण मनाशी धरून चालतो. पण कोड्यात असं कुठे लिहिलंय? कुठेच नाही! तो नियम आपणच तयार केला आणि आपणच त्यात अडकलो.

आज तुम्हांला एका अशा खेळाची गोष्ट सांगणार आहे, ज्यात नियमच ढकलता येतात. हो, हो, बरोबर वाचलंत. नियम ढकलायचे, सरकवायचे, तोडायचे आणि नवे जोडायचे! आणि या खेळाचं इंग्रजी नाव आहे ‘बाबा इज यू’. तुमच्या घरच्या बाबांशी त्याचा काही संबंध नाही बरं का! हा बाबा म्हणजे सशासारखा दिसणारा एक छोटासा पांढरा प्राणी.

अठ्ठेचाळीस तासांची करामत

शाळेत उत्स्फूर्त भाषणाची स्पर्धा असते ना? चिठ्ठी उचलायची, त्यावरचा विषय वाचायचा आणि पाच मिनिटांत बोलायला उभं राहायचं. व्हिडिओ गेम बनवणाऱ्यांचीही अशीच एक गंमत असते. तिला म्हणतात ‘गेम जॅम’. हा पोळीला लावायचा जॅम नव्हे! वादक मंडळी एकत्र जमून आयत्या वेळी जे सुचेल ते वाजवतात, त्यालाही जॅम म्हणतात. तसंच इथे. सगळे जमतात, एक विषय जाहीर होतो आणि बहुधा दोन दिवसांत त्या विषयावर एक अख्खा खेळ बनवायचा. चित्रं काढायची, प्रोग्रॅम लिहायचा, आवाज घालायचे, सगळं तेवढ्यातच! २००९ साली ‘ग्लोबल गेम जॅम’ सुरू झाला, तेव्हा पहिल्याच वर्षी २३ देशांत ५३ ठिकाणी लोक असे जमले होते. पुढे भारतातही त्याची केंद्रं भरू लागली.

डेन्मार्कची राजधानी कोपनहेगन इथे ‘नॉर्डिक गेम जॅम’ भरतो. २०१७ साली तिथे विषय दिला होता ‘नॉट देअर’, म्हणजे ‘तिथे नाही’. आता यावर काय करणार? कुणाला भूत सुचेल, कुणाला हरवलेली वस्तू. फिनलंडच्या आर्वी तेइकारी या हेलसिंकी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने मात्र त्यातला ‘नाही’ हा शब्दच पकडला. त्याच्या डोळ्यांपुढे एक चित्र आलं. उकळत्या लाव्हारसात बर्फाचा एक ठोकळा पडलाय, पण तो वितळत नाही. का? तर शेजारी लिहिलंय, ‘बर्फ वितळत नाही’! शब्दांनी तसं सांगितलंय, म्हणून बर्फाला ते ऐकावंच लागतं.

झालं! याच कल्पनेवर त्याने खेळ बनवला आणि त्या जॅममध्ये तो पहिला आला.

खेळायचं कसं?

आधी या खेळाच्या आजोबांना भेटू या. जपानमध्ये हिरोयुकी इमाबायाशी यांनी ‘सोकोबान’ नावाचा खेळ बनवला आणि तो १९८२ साली बाजारात आला. सोकोबान म्हणजे गोदामाचा राखणदार. त्याने खोकी ढकलत ढकलत ठरलेल्या जागी न्यायची. ढकलता येतं, पण ओढता येत नाही. खोकं एकदा कोपऱ्यात गेलं की बसा डोक्याला हात लावून!

तेइकारीने ही ढकलाढकली तशीच ठेवली, पण खोक्यांच्या जागी ठेवले शब्द. पडद्यावर अशी वाक्यं मांडलेली असतात:

बाबा म्हणजे तू.
भिंत म्हणजे अडथळा.
दगड म्हणजे ढकलायचा.
झेंडा म्हणजे जीत.

(मूळ शब्द इंग्रजी आहेत. पण आपला ‘म्हणजे’ इथे कसा फिट्ट बसतो पाहा!) ही वाक्यं म्हणजेच खेळाचे नियम. ‘बाबा म्हणजे तू’, म्हणून तुम्ही बाबाला चालवता. ‘भिंत म्हणजे अडथळा’, म्हणून भिंतीतून जाता येत नाही. झेंड्याला शिवलात की जिंकलात.

आता समजा, झेंडा भिंतीपलीकडे आहे आणि भिंतीला दार नाही. काय करणार? ‘अडथळा’ हा शब्द एक घर बाजूला ढकला. वाक्य तुटलं. नियम संपला. भिंत तिथेच दिसते, पण बाबा तिच्यातून आरपार! किंवा ‘बाबा’च्या जागी ‘दगड’ हा शब्द बसवा. ‘दगड म्हणजे तू’ झालं की पडद्यावरचे सगळे दगड तुमच्या हुकमाने चालायला लागतील! ‘दगड म्हणजे झेंडा’ केलंत तर सगळ्या दगडांचे झेंडेच होतील! आणि चुकून ‘बाबा म्हणजे तू’ हेच वाक्य तोडलंत, तर? तर तुम्ही कुणीच नाही. कितीही बटणं दाबा, काहीच हलणार नाही.

सगळा मामला एवढाच. चार दिशांची चार बटणं. चित्रं अगदी साधी, पाटीवर खडूने काढल्यासारखी. बंदुका नाहीत, घड्याळाची टिकटिक नाही, ‘वेळ संपली’ची भीती नाही. तरी यात दोनशेहून जास्त कोडी आहेत आणि त्यांतली कित्येक भल्याभल्या मोठ्या माणसांना दिवसचे दिवस घाम फोडतात.

एक गंमत राहिलीच. या खेळातल्या बाबाच्या जोडीदाराचं नाव आहे ‘केके’. ही दोन नावं मानसशास्त्रातल्या एका प्रसिद्ध प्रयोगावरून सुचली आहेत. एका कागदावर एक गोल गोल, ढगासारखा आकार काढा आणि एक टोकदार, काटेरी आकार काढा. मग घरातल्या प्रत्येकाला विचारा, यातला ‘बुबा’ कोण आणि ‘किकी’ कोण? तामिळनाडूत जन्मलेले शास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी एडवर्ड हबर्ड यांनी २००१ साली या प्रयोगाबद्दल लिहिलं. बहुतेक लोक गोल आकाराला बुबा आणि काटेरी आकाराला किकी म्हणतात. करून बघा आज रात्री जेवताना!

दोन दिवस आणि दोन वर्षं

अठ्ठेचाळीस तासांत खेळ झाला, असं ऐकलं की वाटतं, हात्तिच्या, एवढं सोपं! अंहं. दोन दिवसांत झाला तो फक्त कोंब. त्याचं झाड व्हायला जवळजवळ दोन वर्षं लागली. नवे शब्द, नवी कोडी, पुन्हा पुन्हा तपासणी. मध्ये, २०१८ साली, अमेरिकेतल्या ‘इंडिपेंडंट गेम्स फेस्टिव्हल’मध्ये या खेळाला उत्कृष्ट रचनेचा आणि विद्यार्थ्याने बनवलेल्या सर्वोत्तम खेळाचा, असे दोन पुरस्कारही मिळाले. पूर्ण खेळ बाहेर आला १३ मार्च २०१९ रोजी.

मग त्या दोन दिवसांचा उपयोग काय झाला? मोठा झाला. वेळ कमी होता म्हणून सगळं काही करायचं नाही, एकच गोष्ट नीट करायची, हे आपोआप ठरलं. सुट्टीत ‘मोठ्ठी कादंबरी लिहिणार’ म्हणून नवी वही आणणारे आणि पहिल्या पानानंतर थांबणारे दोस्त आपल्यात कमी नाहीत! त्यापेक्षा दोन दिवसांत दोन पानांची गोष्ट पुरी करा. ती जमली तर वाढवता येईल. नाही जमली, तर दोनच दिवस गेले!

कोणता नियम ढकलायचा?

आता जरा गंभीर बोलू या. हे घरातल्या मोठ्यांनाही वाचून दाखवा.

आपल्याभोवतीही अशी वाक्यं मांडलेली असतात. काही वाक्यं कुणालाही ढकलता येत नाहीत. ‘आग म्हणजे चटका.’ जाऊन हात लावलात तर कळेलच! काही वाक्यं माणसांनीच लिहिली आहेत, पण सगळ्यांच्या भल्यासाठी. ‘लाल दिवा म्हणजे थांबा.’ तो शब्द एकट्याने ढकलायचा नसतो, कारण समोरून येणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

पण तिसऱ्या प्रकारची वाक्यं बघा. ‘गणित म्हणजे कठीण.’ ‘क्रिकेट म्हणजे मुलांचा खेळ.’ ‘मी म्हणजे ढ.’ ही कुणी लिहिली? कधी एखाद्या परीक्षेत कमी मार्क पडले, कधी रागाच्या भरात कुणी तरी काही बोललं, आणि तीन शब्द एका ओळीत येऊन बसले. तेव्हापासून ती भिंत खरीच असल्यासारखे आपण तिच्यापुढे थांबतो. एकदा ‘मी म्हणजे ढ’ मानलं की पुढचं उदाहरण सोडवून बघायचीही इच्छा होत नाही. मग मार्क आणखी कमी पडतात आणि वाक्य आणखी घट्ट बसतं.

अशा वाक्यातला एक शब्द हलवून बघा. ‘मी म्हणजे ढ’ मधला ‘ढ’ काढून ‘हुशार’ घालायची घाई नको. ते लगेच खरं वाटणार नाही. नुसतं वाक्य तोडा. ‘अपूर्णांकांचा भागाकार मला अजून येत नाही’, एवढंच म्हणा. आता भिंतीला वाट झाली. भागाकार शिकता येतो, ‘ढ’ असण्यावर मात्र काही उपाय करता येत नाही.

आणि आई-बाबा, तुमच्यासाठी एक ओळ. ‘तू म्हणजे ना, अगदी धांदरट!’ हे तुम्ही सहज बोलून विसरून जाता. मूल विसरत नाही. त्याच्या खेळात तो नियम होऊन बसतो. ‘आज तुझ्या हातून दूध सांडलं’ एवढं म्हटलंत तरी फरशी पुसून घेता येतेच की!

या खेळात एक बटण मला फार आवडतं. ते दाबलं की शेवटची चाल मागे घेता येते. एक नाही, हव्या तितक्या चाली मागे जाता येतं, अगदी सुरुवातीपर्यंत. त्याबद्दल मार्क कापत नाहीत की कुणी हसत नाही. म्हणून तर खेळणारा वेडेवाकडे प्रयोग करायला धजावतो. घरातल्या अभ्यासाच्या टेबलावरही असं एखादं बटण असायला काय हरकत आहे?

या आठवड्याचा खुराक

कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही. कागदावर ९ गुणिले ९ घरं आखा. कडेच्या ३२ घरांत एकेक हरभरा ठेवा. ही झाली भिंत. एक बटण घ्या, तो बाबा. सात चिठ्ठ्यांवर शब्द लिहा आणि अशा मांडा:

वरून तिसऱ्या ओळीत, डावीकडून ३, ४, ५ या घरांत: बाबा, म्हणजे, तू.
सहाव्या ओळीत, ३, ४, ५ या घरांत: भिंत, म्हणजे, अडथळा.
सहाव्याच ओळीत, ७व्या घरात: जीत.

बाबाला आठव्या ओळीतल्या आठव्या घरात ठेवा. तो एका वेळी एक घर चालतो, आडवा किंवा उभा. समोर चिठ्ठी आली तर ती एक घर पुढे ढकलली जाते. ओळीने दोन-तीन असतील तर सगळ्या ढकलल्या जातात. ओढायचं नाही. वाक्य डावीकडून उजवीकडे किंवा वरून खाली, सलग तीन घरांत जुळलं तरच लागू.

झेंडा नाहीच! मग जिंकायचं कसं? निदान दोन उत्तरं आहेत. एक सापडलं की थांबू नका, दुसरं जास्त मजेदार आहे. अडलात तर आधी स्वतःला विचारा: मी असा कोणता नियम पाळतोय, जो कागदावर लिहिलेलाच नाही?

उत्तरं पुढच्या अंकात. तोवर, ढकला!