सुटलेले पोट आणि मूत्रपिंडाचा कर्करोग

आमच्या मोंढ्यातले एक आडते गेली पंधरा वर्षे माझ्याकडे औषधाला येतात. वय बावन्न. दिवसभर गादीवर बसून व्यवहार, घरात दूधदुभते, चालणे म्हणजे दुकानातून गाडीपर्यंत. दर महिन्याला मी त्यांचा रक्तदाब पाही, गोळ्या लिहून देई आणि निघताना म्हणे, "शेठ, जरा वजनाकडे बघा." ते पोटावरून हात फिरवत हसत, "खात्यापित्या घरचं अंग आहे, डॉक्टरसाहेब." मीही हसे आणि पुढच्या पेशंटला आत बोलवी.

मागच्या वर्षी पित्ताशयात खडा असावा अशा शंकेने त्यांची सोनोग्राफी केली. खडा निघाला नाही, पण डाव्या मूत्रपिंडात गाठ निघाली. तपासण्या झाल्या, कर्करोग ठरला, शस्त्रक्रिया करून ते मूत्रपिंड काढावे लागले. गाठ लहान असतानाच सापडली, म्हणून आज ते ठीक आहेत. नंतर त्यांची पत्नी दवाखान्यात आली आणि म्हणाली, "डॉक्टर, यांना विडी नाही, सिगारेट नाही, दारू नाही. मग हे आलं कशानं?"

त्या रात्री मी त्यांचे जुने केसपेपर काढून बसलो. रक्तदाबाची नोंद प्रत्येक पानावर होती. वजनाची नोंद पंधरा वर्षांत दोनदा. कमरेचा घेर एकदाही नाही. आजचा लेख त्या केसपेपरमुळे लिहितो आहे.

लठ्ठपणामुळे मधुमेह होतो, रक्तदाब वाढतो, हृदयविकार येतो, गुडघे जातात, हे आता आपल्या गावातही सर्वांना ठाऊक आहे. पण लठ्ठपणाचा आणि कर्करोगाचा संबंध आहे, असे म्हटले की लोक माझ्याकडे संशयाने बघतात. हा संबंध काल-परवाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये लिऑन येथे आहे. तिने २००२ सालीच लठ्ठपणाशी निश्चित नाते असलेल्या कर्करोगांत मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा समावेश केला होता. २०१६ साली याच संस्थेने बोलावलेल्या २१ तज्ज्ञांनी एक हजाराहून अधिक अभ्यास तपासले आणि ती यादी १३ कर्करोगांपर्यंत गेली. मूत्रपिंडाचा कर्करोग तिच्यात कायम आहे. सर्वांत स्थूल गटातील लोकांना हा रोग होण्याचा धोका सामान्य वजनाच्या लोकांच्या तुलनेत सुमारे १.८ पट आढळला.

हा आकडा वाचून कोणी घाबरून जाऊ नये. मूत्रपिंडाचा कर्करोग आपल्याकडे तसा कमी आढळतो. कमी आढळणाऱ्या रोगाचा धोका पावणेदोन-दोन पट झाला, तरी बहुतेक लठ्ठ माणसांना तो होत नाही, आणि सडपातळ माणसालाही तो होऊ शकतो. म्हणूनच त्या बाईंना मी "वजनामुळेच झाले" असे म्हणालो नाही. एका माणसाच्या बाबतीत तसे छातीठोकपणे सांगता येत नाही. एवढेच सांगितले की धूम्रपान, लठ्ठपणा आणि उच्च रक्तदाब ही या रोगाची तीन मोठी कारणे आहेत. शेठजींना पहिले लागू नव्हते. दुसरे आणि तिसरे होते.

पोटाच्या चरबीचा मूत्रपिंडाशी संबंध काय, असे आपण विचाराल. चरबी म्हणजे कोठीत पडून राहिलेले धान्य नव्हे. तिच्यातून सतत रसायने रक्तात सुटत असतात आणि शरीरात मंद दाह चालू राहतो. लठ्ठ माणसाच्या रक्तात इन्शुलीनचे प्रमाण वाढते, आणि इन्शुलीन व त्याच्या जातीची संप्रेरके पेशींना वाढण्याचा हुकूम देतात. शिवाय वाढलेल्या देहासाठी मूत्रपिंडांना जास्त रक्त गाळावे लागते. त्यात वजनाने रक्तदाब चढतो, आणि तो स्वतंत्रपणे या रोगाला वाट करून देतो. म्हणजे एकच शत्रू दोन दरवाजांनी आत येतो.

मूत्राशयाच्या, म्हणजे लघवीच्या पिशवीच्या कर्करोगाची गोष्ट मात्र वेगळी आहे. २०१६ च्या त्या यादीत तो नाही. तेथे पहिला गुन्हेगार धूम्रपान. धुरातली विषे फुप्फुसांतून रक्तात जातात, मूत्रपिंडे ती गाळतात आणि लघवीबरोबर ती पिशवीत तासन् तास साठून राहतात. काही औद्योगिक रसायनेही अशीच घातक. १८९५ साली लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने रंगाच्या कारखान्यातील कामगारांत हा कर्करोग दाखवून दिला होता. तेव्हा बारीक अंगाच्या विडीबहाद्दरांनी हा लेख वाचून खूश होऊ नये.

दोन्ही रोगांत एक खूण सारखी असू शकते, ती म्हणजे लघवीतून रक्त जाणे. आणि इथेच आपल्या लोकांची मोठी चूक होते. लघवी लाल झाली की "उन्हाळे लागले" म्हणतात, धणे-जिऱ्याचे पाणी पितात, सब्जा भिजवून घेतात. दोन दिवसांनी लघवी स्वच्छ होते आणि माणूस निश्चिंत होतो. बायका तर लाजेपोटी बोलतच नाहीत. लक्षात ठेवा, जळजळ आणि दुखणे असेल तर ते बहुधा जंतुसंसर्गाचे किंवा खड्याचे असते. न दुखता, न जळजळता रक्त गेले, तर ते अधिक गंभीरपणे घ्यायचे. ते एकदाच गेले आणि थांबले, तरी लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्यायचीच. मूत्रपिंडाचा कर्करोग तर पुष्कळदा काहीच न सांगता वाढतो. रक्त, कुशीत दुखणे आणि हाताला लागणारी गाठ या तिन्ही गोष्टी एकत्र येण्याची वाट पाहिली, तर फार उशीर होतो.

आता वजनाचे मोजमाप. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागावे. उंची १.६५ मीटर आणि वजन ८२ किलो असेल, तर उत्तर सुमारे ३० येते. भारतीय तज्ज्ञांनी २००९ साली ठरवल्याप्रमाणे आपल्यासाठी २३ पासून वजन जास्त आणि २५ पासून लठ्ठपणा समजावा. म्हणजे या उंचीच्या माणसाने ६८ किलोच्या आतच राहायला हवे. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत ठीक. तो शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, पोट आत न ओढता मोजावा. मला पँटचा नंबर सांगू नका. पट्टा पोटाच्या खाली बांधला की नंबर तोच राहतो!

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २००५-०६ साली १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हा निर्देशांक २५ किंवा त्याहून जास्त असलेल्या १२.६ टक्के होत्या. २०१९-२१ मध्ये त्या २४ टक्के झाल्या. पुरुष ९.३ वरून २२.९ वर गेले. पंधरा वर्षांत दुप्पट! हे फक्त मुंबई-पुण्याचे दुखणे राहिलेले नाही. आपल्या तालुक्यात सायकली गेल्या, मोटारसायकली आल्या. शेतावर जाणारा माणूसही बांधापर्यंत गाडीने जातो. चहाच्या टपरीवर वडे आहेत, घरोघरी फरसाण आहे आणि पाहुण्याला आग्रह करून वाढण्याची आपली रीत तर आहेच.

माझे स्पष्ट मत असे, की यात निम्मा दोष आम्हा डॉक्टरांचा आहे. रक्तदाबाच्या यंत्राशेजारी वजनकाटा आणि शिंप्याची टेप असलीच पाहिजे आणि तिची नोंद केसपेपरवर झालीच पाहिजे. "वजन कमी करा" हा उपदेश झाला, उपचार नव्हे. दुसरा निम्मा दोष समाजाचा. ढेरीला आपण सुखाची खूण मानतो आणि त्याच वेळी जाड मुलीची चेष्टाही करतो. दोन्ही सोडावे. चेष्टेने कोणाचे वजन उतरत नाही.

तीस-चाळीस किलो उतरवण्याच्या गोष्टी मी करत नाही. आहे ते वाढू न देणे, ही पहिली पायरी. रात्रीच्या जेवणातली एक पोळी कमी, चहातली साखर निम्मी, तळलेले आठवड्यातून एकदाच आणि रोज अर्धा तास भरभर चालणे. रक्तदाबाची गोळी मनाने बंद करायची नाही.

शेठजी आता पहाटे मोंढ्याला दोन फेऱ्या मारतात. परवा मला म्हणाले, "डॉक्टरसाहेब, तुमची टेप तुम्ही स्वतःला लावली का?" लावली. ९६ सेंटिमीटर. उद्यापासून आम्ही दोघे बरोबर चालणार आहोत.