‘का ठेवले?’ इतकाच ‘कसे ठेवले?’ हाही प्रश्न आपला



वृद्धाश्रमाचा विषय निघाला की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘मुलांनी का ठेवले?’ मग संस्कार निघतात, परदेशी गेलेला मुलगा निघतो आणि शेवटी गाडी सुनेच्या स्वभावावर येऊन थांबते. ‘नटसम्राट’ १९७० मध्ये रंगभूमीवर आले. तेव्हापासून मराठी मध्यमवर्ग घराबाहेर पडावे लागलेल्या म्हाताऱ्यांसाठी मनापासून रडत आला आहे. परंतु रडून झाल्यावर विचारायचा दुसरा प्रश्न तसाच राहतो. तिथे तिला ठेवले आहे कसे?

पहिल्याच प्रश्नावर थांबल्याने दोन गोष्टी होतात. एक म्हणजे सून आरोपी ठरते. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे तिने किती वर्षे केले आणि त्या वर्षांत मुलाने आईचे भांडे किती वेळा उचलले, हे कोणी विचारत नाही. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. वृद्धाश्रम ही मुळातच लाजिरवाणी जागा मानली, की तिथे मिळेल ते सारे उपकाराचे ठरते. दोन वेळचे जेवण मिळते, डोक्यावर छप्पर आहे, मग तक्रार कसली? आणि उपकाराची प्रत कोणी तपासत नाही.

हा प्रश्न स्त्रियांचा आहे हे वेगळे सांगायला नको, तरी सांगते. २०११ च्या जनगणनेत साठीच्या पुढच्या स्त्रिया सुमारे ५.३ कोटी होत्या आणि पुरुष ५.१ कोटी. नवरा वयाने मोठा असतो, बहुधा आधी जातो. त्याची शुश्रूषा बायको करते, पण तिची वेळ येते तेव्हा करायला कोणी उरलेले नसते. घर तिच्या नावावर नसते, असले तर मुलाच्या नावावर करून झालेले असते. जन्मभर राबूनही ‘कमावती’ म्हणून नोंद नसल्याने तिला निवृत्तिवेतन नाही. आणि वृद्धाश्रमात तिचे हागणे-मुतणे काढणारी, तिला घास भरवणारीही बाईच असते. खाटेवर बाई आणि खाटेशेजारीही बाई. असे असूनही आपल्या शिबिरांत, ठरावांत, मोर्चांत वृद्धाश्रम जवळजवळ कधीच आलेला नाही.

समाजकार्याचे शिक्षण संपवून कामाला लागल्यापासून, पोटगीच्या आणि कौटुंबिक वादांच्या निमित्ताने, मला अनेक वृद्धाश्रमांत जावे लागते. काही फार आपुलकीने चालवलेले आहेत. पण तालुक्याच्या गावातल्या एका आश्रमातले चित्र डोळ्यांपुढून हलत नाही. तिथल्या सगळ्या स्त्रियांचे केस मुळापासून कापलेले होते. चौकशी केली तर व्यवस्थापक म्हणाले, ‘उवा होतात, विंचरायला माणूस नाही.’ दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. माणूसही काही वाईट नव्हता. पण टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेल्या एक आजी हळूच मला म्हणाल्या, ‘माझ्या आजीचे केस काढले होते, जबरदस्तीनं. मला वाटलं होतं, ते दिवस गेले.’ १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी सभा घेऊन, विधवांचे केशवपन आम्ही करणार नाही, असे ठरवले. त्याचा अभिमान आपण भाषणांत सांगतो. इथे शास्त्राचा आधार नव्हता, सोयीचा होता. तिला विचारलेले तेव्हाही नव्हते, आताही नव्हते.

या सोयीचा हिशेब एकदा मांडून पाहू या. समजा, एका आश्रमात चाळीस स्त्रिया आहेत, त्यातल्या दहा जणींना स्वतःहून कूस वळता येत नाही, आणि रात्री एकच मावशी कामावर आहे. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस साधारण दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर पाठीवर, माकडहाडावर, टाचांवर जखमा पडतात आणि त्या हाडापर्यंत जातात. एकीला वळवायचे, ओले काढायचे, पुसायचे, घोटभर पाणी पाजायचे, याला दहा मिनिटे धरा. दहा जणींना शंभर मिनिटे लागली. दोन तासांतली वीस मिनिटे उरली. त्यात बाकी तीस जणींना संडासला न्यायचे, कोणी पडली तर उचलायचे आणि पुन्हा पहिल्या खाटेपाशी यायचे. बारा तास. मावशी देवी नाही. ती कूस वळवणे सोडून देणार, हे उघड आहे.

मग वाटा निघतात. संध्याकाळनंतर पाणी कमी द्यायचे, म्हणजे अंथरूण भिजत नाही. डायपर रात्रभर एकच. दिवसाची पाळी येण्याआधी उरकायचे म्हणून पहाटे चारला अंघोळी. जेवण साडेसहाला आटोपायचे, मग सकाळच्या चहापर्यंत पोटात काही नाही. यातली प्रत्येक गोष्ट किरकोळ वाटते, पण त्यांची साखळी होते. पाणी कमी पडल्याने लघवीला जंतुसंसर्ग होतो. उतारवयात त्याने अचानक भ्रम होऊ शकतो, माणसे ओळखू येत नाहीत. ‘म्हातारीला वेड लागलं’ म्हणून झोपेची गोळी दिली जाते. गोळीच्या गुंगीत ती उठते, पडते, खुब्याचे हाड मोडते. आणि कूस न वळणाऱ्या दहांमध्ये अकरावी जमा होते. कागदावर लिहिले जाते, ‘वार्धक्य’.

रात्रीच्या मावशीकडेही बघायला हवे. ती बहुधा विधवा किंवा टाकलेली. पाळी बारा तासांची, पगार हातात पडेल तो, कमरेचे दुखणे कायमचे. मैला काढण्याचे काम वाट्याला येते ते पुष्कळदा जात पाहूनच. तिने एखादीवर हात उगारला तर आपण संतापतो, संतापलेच पाहिजे. पण एकटीला चाळीस जणींवर ठेवणाऱ्यावर कोणी संतापत नाही. आश्रमातल्या म्हातारीचा हक्क आणि मावशीचा हक्क एकमेकींच्या विरोधात उभे करणारी ही व्यवस्था आहे. म्हणून माझे स्पष्ट मत आहे की, काळजीची प्रत मोजायची असेल तर आधी रात्रपाळीत किती बाया आहेत आणि त्यांना किमान वेतन मिळते का, हे मोजावे. संगमरवरी फरशी, देणगीदारांच्या पाट्या आणि भजनाचा कार्यक्रम यांवरून काही कळत नाही.

कायदा काय म्हणतो? आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थ व कल्याणाचा कायदा २००७ चा आहे. मुलांकडून दरमहा कमाल १०,००० रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता त्यात मागता येतो. सांभाळायच्या ज्येष्ठाला टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. म्हणजे ‘का ठेवले’ याची दखल कायद्याने घेतली. निराधारांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांचा वृद्धाश्रम कलम १९ मध्ये आहे खरा, पण तो राज्य सरकार काढू शकेल, काढलाच पाहिजे असे नाही. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वृद्धाश्रमांची माहिती गोळा करण्यास सांगितले. सर्व आश्रमांची नोंदणी आणि किमान दर्जा यांसाठीचे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले. ते मंजूर न होताच २०२४ मध्ये लोकसभेची मुदत संपली आणि विधेयक बारगळले. त्यासाठी रस्त्यावर कोणी आले नाही. आपणही नाही.

एक आक्षेप मी नेहमी ऐकते आणि तो खोटा नाही. लहान आश्रम देणग्यांवर कसेबसे चालतात. जाब विचारायला लागलो तर ते बंद पडतील आणि या बायका रस्त्यावर येतील. म्हणूनच आपली पहिली मागणी सरकारकडे हवी. दर खाटेमागे पुरेसे अनुदान, रात्रपाळीतल्या माणसांची किमान संख्या, आणि आश्रमात राहणाऱ्या स्त्रिया, काम करणाऱ्या बाया व स्त्री-संघटना यांची देखरेख समिती. पण काही गोष्टींना पैसा लागत नाही. फणी स्वस्त असते. केस कापू का, साडी हवी की गाऊन, हे विचारायला काहीच लागत नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. पुढच्या तीन महिन्यांत प्रत्येक गटाने आपल्या भागातला एक वृद्धाश्रम निवडावा. फराळ वाटायला नव्हे, ओळख करून घ्यायला जावे, आणि जात राहावे. एकदा तरी रात्री आठनंतर जावे. पाण्याचा पेला हाताशी आहे का, चष्मा आणि कवळी जिची तिला मिळते का, हाक मारली तर किती वेळाने कोणी येते, हे पाहावे. दरमहा वजन करून लिहितात का? जेवणाविषयी त्याहून खरे कोणी सांगणार नाही. पडल्याची नि जखमांची नोंद आहे का? श्रावणबाळ योजनेचे पैसे येत असतील तर पासबुक कोणाकडे असते? बाहेर फोन करायला कोणाची परवानगी लागते? मग मावशींबरोबर बसून चहा प्यावा आणि त्यांचे म्हणणे वेगळे ऐकावे. अंग बाहेर येण्यासारखे दुखणे वर्षानुवर्षे लपवणाऱ्या स्त्रिया पहिल्या भेटीत बोलणार नाहीत. चौथ्या-पाचव्या भेटीत बोलतील.

जे दिसेल ते आम्हाला कळवा. आश्रमाचे आणि व्यक्तींची नावे छापणार नाही. चांगले चाललेले असेल तर तेही लिहा, कसे जमवले ते इतरांना कळू द्या. या माहितीवरून मागणीपत्र तयार करून जिल्हा समाजकल्याण कार्यालयांत एकाच दिवशी द्यावे, असा विचार आहे. त्याचा मसुदा पुढच्या अंकात देऊ. तोवर तुमच्या पत्रांची वाट पाहते.