पाचट पेटवण्यापूर्वी

पौष-माघात संध्याकाळी अफजलपूरहून गाणगापूरच्या रस्त्याला लागले, की भीमाकाठची रानेच्या राने पेटलेली दिसतात. ऊस तुटून गेला की पाचटाला काडी लावायची, हा आमच्या भागाचा रिवाजच झाला आहे. कन्नडमध्ये पाचटाला रवदी म्हणतात. नाव कोणतेही घ्या, काडी एकच. लहानपणी ह्या जाळाची मला मोठी मौज वाटे. आज रसायनशास्त्राचा विद्यार्थी म्हणून मी त्या जाळाकडे पाहतो, तेव्हा मौज वाटत नाही.

गेल्या वर्षी ह्यावरून घरात चांगलीच जुंपली. आप्पांचे म्हणणे असे : "राखेनं रान गरम होतंय, फुटवा जोरात येतोय. तू चार बुकं वाचलास म्हणून आम्ही आजवर केलं ते काय वेडेपणा होता?" मी गप्प बसलो. कारण आप्पांचे म्हणणे सगळेच खोटे नाही, हे मला ठाऊक होते. वाद तिथे मिटला, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. हा लेख म्हणजे एका परीने आप्पांना दिलेले उशिराचे उत्तर आहे.

जाळल्यावर नेमके काय घडते? पाचटातला जवळजवळ सगळा कर्ब वायू होऊन जातो. सुमारे २०० अंश सेल्सिअसच्या पुढे नत्रही उडू लागते आणि गंधकाचाही बराच भाग जातो. पालाश, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बरेचसे स्फुरद मात्र राखेत उरते. जमिनीच्या पृष्ठभागावर थोडे अमोनियमही लगेच मोकळे होते. म्हणून जळालेल्या रानात पहिला कोंब हिरवागार दिसतो. आप्पांनी पाहिले ते खरेच आहे. पण ती वर्षानुवर्षांची शिल्लक मोडून केलेली दिवाळी आहे.

एका हेक्टरात साधारण ८ ते १० टन पाचट निघते आणि त्यात ४० ते ५० किलो नत्र असते. म्हणजे जवळजवळ दोन पोती युरिया. त्यातले बहुतेक आपण धुरावाटे आकाशाला वाहतो आणि आठ दिवसांनी तेच नत्र दुकानातून उधारीवर आणतो. शिवाय कित्येक टन सेंद्रिय पदार्थ जातो तो निराळाच. त्याचे पोते कुठल्याच दुकानात मिळत नाही.

आता राखेकडे वळू. कोकणात भाताच्या रोपवाटिकेसाठी राब भाजतात. ह्या पद्धतीवर पुण्याच्या शेतकी कॉलेजातील डॉ. हॅरॉल्ड मान, जोशी आणि कानिटकर यांनी १९१२ मध्ये शास्त्रीय निबंध प्रसिद्ध केला होता. कोकणची जमीन जांभ्याची, आम्ल. राख ही अल्कधर्मी, कारण तिच्यात पोटॅशियम आणि कॅल्शियमची कार्बोनेटे असतात. आम्ल जमिनीला राख मानवते ह्यात नवल नाही. पण आपली काळी एरी जमीन मुळातच चुनखडीची. आमच्या प्रयोगशाळेत घरच्या रानातल्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकले, तेव्हा ती सोड्यासारखी फसफसली. ज्या जमिनीचा सामू आधीच ८ च्या आसपास, तिला आणखी अल्क कशाला? अशा जमिनीत अमोनियमचा अमोनिया होऊन उडून जातो, स्फुरद कॅल्शियमशी जखडले जाते, लोह आणि जस्त पिकाला मिळेनासे होते. खोडव्याची पाने पिवळी-पांढरी पडतात, त्याला आपण केवडा पडला म्हणतो आणि औषध फवारतो. चुना हे त्याचे मूळ कारण खरे, पण राखेने त्यात भरच पडते.

गाणगापूरच्या संगमावरचे भस्म आपण श्रद्धेने कपाळी लावतो, म्हणून राखेबद्दल मनात एक आदर असतो. परंतु कपाळाची गोष्ट वेगळी आणि रानाची वेगळी.

भूमध्य सागराच्या काठचे देश आगीबाबत अनुभवी आहेत. ग्रीसच्या एव्ह्रोस भागात २०२३ साली ८० हजार हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळाले. तिकडेही पुष्कळ ठिकाणी चुनखडीची जमीन, कोरडा उन्हाळा आणि त्यानंतर येणारा पाऊस. आगीनंतर राखेमुळे मातीचा सामू वाढतो, काही काळ अन्नद्रव्ये भरपूर दिसतात आणि मग पहिल्या जोरदार पावसात राख वाहून नदीला मिळते. एवढे होऊनही तिथले पाइन आणि झुडपे पुन्हा उभी राहतात, कारण ती आगीला सरावलेली आहेत आणि दोन आगींमध्ये निसर्ग त्यांना सहसा अनेक वर्षांची उसंत देतो. आपण आपल्या रानाला एका वर्षाचीही उसंत देत नाही.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. पाचटाचा जाळ झरकन येतो आणि जातो. माती उष्णतेची मंद वाहक असल्याने चार बोटे खाली फारशी धग पोचत नाही. तेव्हा 'आगीने जमीन जळून खाक होते' असे जे भाषणांतून ऐकू येते, ते पाचटाच्या बाबतीत अतिशयोक्त आहे. नुकसान होते ते मुख्यतः जमिनीला मिळायचे ते न मिळाल्याने. मात्र तुराट्या आणि पऱ्हाट्यांचे ढीग बांधाला रात्रभर धुमसतात, तिथली गोष्ट निराळी. आमच्या बांधाला असा एक तुकडा आहे. तिथली काळी माती विटकरी झाली आहे, कारण तापलेल्या मातीतले सेंद्रिय द्रव्य जळून जाते आणि लोहाच्या संयुगांचे तांबडे ऑक्साइड बनते. बोटाने चुरली तर खरखरीत लागते. ज्या तुरीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाल्याचा आपण कलबुर्गीकर अभिमान बाळगतो, त्याच तुरीच्या काट्यांनी आपण आपली माती भाजतो.

शेतकरी अडाणी म्हणून जाळतो, असे मात्र मी म्हणणार नाही. पाचट ठेवले तर सरीत पाणी पुढे सरकत नाही, उंदीर होतात, सापाची भीती असते, मजूर मिळत नाही, आणि खोडवा सुरुवातीला पिवळाही पडतो. हे पिवळेपण मी समजून घेतले. पाचटात कर्ब फार आणि नत्र थोडे; ते कुजवणारे जिवाणू आपली गरज भागवायला मातीतले नत्र उचलतात आणि पीक काही काळ उपाशी राहते. म्हणूनच टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि १ किलो पाचट कुजवणारे जिवाणू टाकावेत, पाचट एक आड एक सरीत दाबावे आणि मोकळ्या सरीतून पाणी द्यावे, अशी शिफारस आहे. कुट्टी करणारे यंत्र मिळाले तर उत्तमच, पण ते एकट्या-दुकट्याला परवडत नाही. ते गावागावांत भाड्याने मिळेल अशी सोय साखर कारखान्यांनी आणि सोसायट्यांनी का करू नये? आणि आपल्या कॉलेजने तरी दरवर्षी त्याच त्या मिठांचे पृथक्करण करण्याऐवजी विद्यार्थ्यांकडून त्यांच्याच रानातली माती का तपासून घेऊ नये? प्राध्यापक महाशयांना हे धाडसाचे वाटल्यास क्षमा असावी.

गेल्या आठवड्यात जेवताना मी हा सगळा हिशेब आप्पांपुढे मांडला. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. हात धुताना म्हणाले, "बांधाकडचे दहा गुंठे तुझे. बाकीचं माझ्या मनासारखं. खोडवा बसला तर पुढचं बोलू." दहा गुंठ्यांत साधारण टनभर पाचट निघेल. युरिया आणि सुपर फॉस्फेट घरात आहे, जिवाणूंची पिशवी आणायची आहे. भीती एकच : शेजारच्या रानात पाचट पेटले आणि वारा फिरला तर माझे दहा गुंठे एका क्षणात जातील. तोड झाल्यावर दोन-तीन रात्री राखणीला बसावे लागेल. वर्गमित्रांपैकी कोणी सोबत येणार असल्यास त्यांनी मला भेटावे. भाकरी-पिठल्याची सोय आई करणार आहे.