धुराड्यावाटे जाणारे धन

गाळपाच्या हंगामात निपाणीहून बेळगावला जाणाऱ्या प्रवाशाला दोन गोष्टींचे दर्शन पदोपदी घडते : उसाने लादलेल्या ट्रॉल्या आणि डिझेलचा धूर. तंबाखूसाठी विख्यात असलेला हा मुलूख आता साखरेबरोबर मद्यार्कही निर्माण करतो. तो मद्यार्क या डिझेलच्या मात्र उपयोगी पडत नाही. ही विसंगती केवळ तांत्रिक आहे असे आम्हांस वाटत नाही.

2018 च्या जैवइंधन धोरणानंतर इथेनॉलचा सारा ओघ पेट्रोलकडे वळला. 20 टक्के मिश्रणाचे 2030 साठी ठरविलेले उद्दिष्ट 2025 मध्येच गाठले गेले, हे यश मोठेच होय. परंतु ट्रॅक्टर, मालमोटार आणि आमच्या किनाऱ्यावरील यांत्रिक होडी, ही श्रमाची सारी वाहने डिझेलवर चालतात. त्यांच्या वाट्याला या धोरणातून काय आले? शिवाय कारखान्यांना गिऱ्हाईक एकच, तेल कंपन्या. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर केंद्राने अचानक निर्बंध घातले, तेव्हा एका गिऱ्हाइकावर विसंबण्याचे मोल कारखान्यांना कळून चुकले.

मद्यार्क डिझेलमध्ये नीट मिसळत नाही. पाण्याचा अंश असला की दोहोंची फारकत होते. केवळ दाबाने तो सहजी पेटही घेत नाही. म्हणून दोन इंधने दोन टाक्यांत ठेवावयाची, मद्यार्काची वाफ हवेबरोबर सिलिंडरमध्ये घ्यावयाची आणि डिझेलच्या अल्पशा फवाऱ्याने ती पेटवावयाची, अशी ही द्वि-इंधन पद्धत आहे. ती नवी नव्हे. खुद्द रुडॉल्फ डिझेलने अशा प्रज्वलनाचे पेटंट 1901 मध्ये मिळविले होते. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल दुर्मिळ झाले तेव्हा आपल्या रस्त्यांवरून कोळशाच्या वायूवर मोटारी धावल्या, त्यांचे इंधन तर गाडीवरच तयार होई. कर्नाटकातच होसहळ्ळी या खेड्यात 1988 मध्ये लाकडाचा वायू आणि डिझेल यांवर चालणाऱ्या इंजिनाने वीज आणली. हुबळीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातही करंजाचे तेल आणि असाच वायू यांवर प्रयोग झाले आहेत.

यापुढची पायरी अधिक मनोवेधक आहे. इंजिनात घातलेल्या इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे तिसरा हिस्सा धुराबरोबर निघून जातो. त्याच उष्णतेने तापलेल्या उत्प्रेरकावरून मद्यार्क व पाणी यांची वाफ नेली, की तिचे हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड या वायूंत रूपांतर होते. क्रिया पूर्ण झाली तर या वायूंचा उष्मांक मूळ मद्यार्कापेक्षा तत्त्वतः जवळजवळ पाव हिश्शाने अधिक भरतो. जी उष्णता वाया जात होती तीच इंधनात परत येते. पेट्रोलसाठी मद्यार्क जवळजवळ निर्जल करावा लागतो आणि त्याला वेगळी यंत्रणा व ऊर्जा खर्ची पडते. येथे मात्र पाणी हवेच असते. म्हणजे कारखान्यातील साधे 95 टक्क्यांचे स्पिरिटही चालण्याजोगे आहे. साखर कारखान्यांच्या संचालकांनी या एका मुद्द्याचा तरी विचार करावा.

अडचणी आहेत आणि त्या झाकून ठेवण्यात अर्थ नाही. उत्प्रेरकावर काजळी साचते. भार कमी असला की धूर पुरेसा तापत नाही आणि वायूही अर्धवट जळतो. हायड्रोजन फार झाला तर इंजिन ठोके देऊ लागते. क्षणोक्षणी गती बदलणाऱ्या घाटातील मालमोटारीला ही युक्ती सध्या मानवणार नाही. तासन् तास एकाच भाराने जाळे ओढणाऱ्या ट्रॉलरला मात्र ती मानवण्यासारखी आहे. पाणी पिणाऱ्या उसाचे क्षेत्र वाढविण्यास हे निमित्त होऊ नये, हेही आताच बजावलेले बरे.

प्रयोगाला बेळगावाहून योग्य जागा कोणती? लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 मध्ये सायकलच्या दुकानापासून उद्योग आरंभिला तो याच गावी; जागा गेली म्हणून 1910 मध्ये ते औंध संस्थानात गेले आणि गावाने एक कारखाना गमावला. तरी उद्यमबागेतील ओतशाळांनी ती विद्या जिवंत ठेवली आहे. विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ येथेच आहे, निजलिंगप्पांच्या नावाची साखर संस्थाही येथेच. 1956 पासूनच्या सीमाप्रश्नावर आमचा पक्ष वाचकांस ठाऊक आहे; 2004 चा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो तेथे चालावा. पण प्रयोगशाळेतील इंजिनाने त्याची वाट कशासाठी पाहावी? महाराष्ट्र आणि गोवा ही सरकारे मच्छीमारांना डिझेलवरील कराचा परतावा देतात. त्या रकमेच्या अल्पशा अंशात एक होडी, एक इंजिन आणि एक हंगाम यांचा खर्च भागेल. कर्नाटकाने विद्यापीठ द्यावे, कारखान्यांनी स्पिरिट द्यावे, होडी आम्ही किनाऱ्यावरच्यांनी द्यावी.