पिंप तपासा, मगच बाटली भरा

इस्पितळाच्या खिडकीवर मिळालेले खोकल्याचे औषध आपण विश्वासाने मुलाला पाजतो. त्या बाटलीत गुणकारी द्रव्य थोडेच असते. बाकी साखरेचा पाक, पाणी आणि औषध विरघळवणारा द्रव. प्रॉपिलीन ग्लायकॉल हा असाच एक द्रव. पाण्यात नीट न विरघळणारी औषधे त्यात विरघळतात, म्हणून सिरपात व काही इंजेक्शनांत तो वापरतात. ओलावा धरून ठेवतो, म्हणून क्रीम-शाम्पूतही असतो. औषधी दर्जाचा व ठरलेल्या प्रमाणात असेल, तर त्याच्याविषयी आमची तक्रार नाही.

तक्रार आहे ती भेसळीची. डायएथिलीन ग्लायकॉल हा त्याचाच भाऊबंद. पण तो कारखान्यातल्या कामाचा. दिसायला तसाच, चवीला गोडसर, पोटात गेला की मूत्रपिंडे निकामी करणारा. १९३७ साली अमेरिकेत त्याने शंभरावर बळी घेतले. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरीनमधून त्याने १४ रुग्ण मारले, न्या. लेंटिन आयोगाने औषधखरेदीची व औषध प्रशासनाची लक्तरे वेशीवर टांगली. तरीही २०२५ मध्ये मध्य प्रदेशात वीसहून अधिक बालके दगावली. छिंदवाड्याची कित्येक मुले उपचारासाठी नागपूरला आणली होती. त्या सिरपात हे विष ४८.६ टक्के निघाले. मर्यादा आहे ०.१ टक्का!

याला अपघात म्हणायला आम्ही तयार नाही. गॅस क्रोमॅटोग्राफीने प्रत्येक पिंप तपासले की ही भेसळ पकडता येते. सील पाहिल्याशिवाय आपला टपाल कर्मचारी पिशवी ताब्यात घेत नाही. रूळ तपासणारा गँगमन ऊन-पाऊस पाहत नाही. मग औषधाच्या कारखानदाराला सूट कशासाठी?

आमची मागणी स्पष्ट आहे. रेल्वे इस्पितळे व केंद्र सरकारी आरोग्य योजनेचे दवाखाने यांनी सिरपाच्या प्रत्येक बॅचचा तपासणी अहवाल घेतल्याशिवाय माल स्वीकारू नये. केवळ स्वस्त निविदा हा निकष नको. औषध निरीक्षकांची रिक्त पदे भरा. शाखांनी हा प्रश्न प्रशासनाबरोबरच्या बैठकीत लावून धरावा.

आणि घरी एवढे पाळा: दोन वर्षांखालील मुलाला खोकल्याचे सिरप देऊ नका. औषधानंतर मुलाची लघवी कमी झाली, तर बाटलीसह ताबडतोब इस्पितळ गाठा.